ग्रुपिंग न विचारणारं कॉलेज

आमच्या पिढीत मेडिकल कुणाचंही दहा-वीस मार्कांनी हुकलेलं नाही. ते दोनच मार्कांनी हुकतं. माझंही हुकलं. पीसीबीचं ग्रुपिंग कमी पडलं आणि वडिलांनी चहा पिता पिता मला कॉमर्सला घातलं. पुढे लग्न, कॅलिफोर्निया, मुलगी, हिशेबाच्या नोकऱ्या. चाळिशी उलटल्यावर एके दिवशी मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात जीवशास्त्राला नाव घातलं.

रत्नागिरीच्या मावशीला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "काय गो, किती मार्कांवर क्लोज झाली ॲडमिशन?"

"क्लोज नाही होत मावशी. येईल त्याला घेतात."

पलीकडे शांतता. येईल त्याला घेते ती धर्मशाळा, कॉलेज कसलं!

आता तिला काय सांगू? 1901 साली इलिनॉयमधल्या जोलिएटला असलं पहिलं कॉलेज निघालं. एकट्या कॅलिफोर्नियात आज 116 आहेत. इथल्या रहिवाशाला एका युनिटला 46 डॉलर फी. (पुस्तकाची किंमत विचारू नका. अभ्यासाची निम्मी जिद्द त्या रकमेतूनच येते.) शेवटी मी क्रेग व्हेंटरला पुढे केलं. शाळेत यथातथाच असलेला हा माणूस व्हिएतनाममध्ये नौदलाच्या इस्पितळात काम करून परतला, तो सॅन मॅटेओच्या कम्युनिटी कॉलेजात शिकायला बसला. पुढे मानवी जीनोम वाचायच्या शर्यतीत त्यानं सरकारी प्रकल्पाला घाम फोडला आणि 2000 साली व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी उभा राहिला. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण डॉक्टर झाला का?"

वर्गात तऱ्हेतऱ्हेचे लोक. नर्सिंगला जायचं म्हणून आलेल्या निम्म्याअधिक मुली, गोदामात रात्रपाळी करून थेट लॅबमध्ये येणारा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्या लावल्या पेंगणारा एक जण, अकरावीतलं एक सतरा वर्षांचं अतिहुशार पोर, आणि पेन्शनीत निघालेले एक आजोबा, जे केवळ सरांना प्रश्न विचारायला येतात. माझा लॅब पार्टनर माजी सैनिक. सहा फूट उंच, दंडावर गरुड गोंदलेला.

डुकराच्या भ्रूणाचं विच्छेदन आलं त्या दिवशी हा गरुड पांढराफटक पडला. ही पिल्लं खाटीकखान्यात कापलेल्या गाभण डुकरिणींच्या पोटातली. रसायनात मुरवलेली, आणि वास असा की दुपारचा डबा परत घरी नेला. ट्रेमध्ये पिल्लू उताणं पडलेलं, पोटाशी नाळेचं खोड. ते आडवं कापलं की तीन तोंडं दिसतात, दोन धमन्यांची आणि एक शिरेचं. पार्टनर खिडकीकडे बघत म्हणाला, "तूच कर."

मग केलं. रत्नागिरीत वाढलेल्या मुलीला पोट कसं उघडायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. बांगडे साफ करताना आईचा एकच धाक असायचा: पित्ताची पिशवी फोडलीस तर सगळं कालवण कडू. तोच धाक मनात ठेवून यकृताचा एकेक कप्पा बोटानं वर उचलला आणि खालचं पित्ताशय सरांना अखंड काढून दाखवलं. सर खाली वाकले. म्हणाले, "वैद्यकीय अनुभव आहे का?"

"आहे," मी म्हटलं, "मासळीबाजाराचा."

सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये घरचा एक नमुना आणायला सांगितलं होतं. मी विरजण नेलं. काचपट्टीवर थेंबभर पसरवून वाळवलं, ज्योतीवरून फिरवलं, मग जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोलची धार, शेवटी सॅफ्रनिन. हजारपट मोठं करून पाहिलं, तर जांभळ्या मण्यांच्या माळा आणि मधेमधे जांभळ्या काड्या. इतकी वर्षं रोज रात्री कोमट दुधात ज्यांना घालून झाकण लावत आले, ते हे! जरा संकोचल्यासारखंच झालं. त्या रंगानं बोटंही जांभळी झाली आणि साबणाला दाद देईनात. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात एका वहिनींनी हात धरून विचारलं, "मतदानाला भारतात जाऊन आलात वाटतं?"

जंतू ज्या थाळीत वाढवतात तिच्यातलं अगार म्हणजे आपला चायना ग्रास. तो प्रयोगशाळेत आणला फॅनी हेसे नावाच्या गृहिणीनं. तिचा नवरा जंतुशास्त्रज्ञ कॉखच्या प्रयोगशाळेत. तिथं जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं, वर जंतूच ते खाऊन पातळ करायचे. 1881 च्या सुमारास बाईंनी सुचवलं, मी जेलीत घालते ते वापरून बघा. कॉखनं 1882 च्या क्षयरोगावरच्या लेखात अगारचा उल्लेख केला, बाईंचा केला नाही. हे वाचून मी माझ्या नवऱ्याकडे असं काही पाहिलं की तो बिचारा न सांगता भांडी घासायला उठला.

ॲनाटॉमीत मनगटाची आठ हाडं ओळीनं पाठ करायची होती. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम, पिसिफॉर्म, ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. त्यासाठी इथल्या मुलांचं इंग्रजी वाक्य इतकं चावट आहे की मी ते घरी म्हणू शकत नाही. मग माझं मी केलं: "सासूनं लग्नात ट्रंकभर पितांबरं, ट्रकभर ट्रे, कपबशा, हंडे दिले." (सासूबाईंनी यातलं काहीही दिलेलं नाही. पण शास्त्रापुढे इतिहास गौण.) पार्टनरनं हट्टानं ते शिकून घेतलं. परीक्षेच्या हॉलमध्ये मागच्या बाकावरून "सासूनं लॅग्नात" असं घोगरं पुटपुटणं ऐकू येत होतं आणि मला हसू दाबता दाबता हॅमेट आठवेना.

दरम्यान माझी मुलगी अकरावीत गेली. इथं शाळेतल्या मुलांनाही कॉलेजचे विषय घेता येतात, फक्त नावनोंदणीत त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. उन्हाळ्यातला जेनेटिक्सचा वर्ग तिलाही हवा होता. ती वेटिंग लिस्टवर पहिली आहे. वर्गातली शेवटची जागा माझ्या नावावर आहे. गेला आठवडाभर घरातला स्वयंपाक तीच करते आहे, आणि परवा तर तिनं न सांगता उकडीचे मोदक केले.

कळ्या जरा जाड होत्या. अजून एक आठवडा बघते.