दाजींचा दणकट डबा

आमच्या दाजींच्या जीपला क्लच नाही, हे मालवणच्या दांडी किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाही मान्य नाही. "क्लच नाय? मगे डावो पाय देवान कित्याक दिल्यान?" हा तिथला कायमचा सवाल. दाजी डावा पाय बाहेर सोडून गाडी चालवतात, हेच काय ते त्याचं उत्तर.

जीप जुनी, चारही चाकांना ताकद जाणारी, मागचा भाग कापून हौदा बसवलेली. किनाऱ्याच्या पलीकडे ती जात नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय की कंपनीने दिलेल्या गाडीत मालकाने मनाला येईल ते फेरफार करायचे नाहीत. दाजींच्या जीपमध्ये कंपनीने दिलेलं नेमकं काय उरलंय, हे कंपनीलाही सांगता येणार नाही. समोर समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ ला हात घातला आणि १६६७ ला किल्ला पुरा. जीपचं काम त्याहून जास्त वर्षं चाललंय.

जीपचं खरं काम मे महिन्याच्या अखेरीस. एक जूनपासून मासेमारी बंद, तेव्हा त्याआधी होड्या ओढून वर घ्यायच्या. ओली वाळू, मागे होडीचं वजन आणि दोर ताठ, अशा वेळी साध्या गाडीचा क्लच धूर काढतो. दाजींनी म्हणून ऑटोमॅटिक गियरबॉक्सचा डबा बसवला. त्यात क्लचच्या जागी तेलाने भरलेलं एक गोल भांडं असतं. आत समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल फेकतो, तेल दुसऱ्याला फिरवतं. जोर लावताना हे भांडं इंजिनाचा पीळ जवळजवळ दुप्पट करून देतं, आणि घासून जळायला मध्ये काही नसतं. मात्र दोन्ही पंख्यांचा वेग मागेपुढे झाला की तेवढी ताकद तेल तापवण्यात जाते. दाजींनी पहिल्यांदा घातलेला डबा कुठल्याशा नाजूक मोटारीचा होता. गेल्या मोसमात त्याचं तेल काळं झालं, करपल्याचा वास वाडीभर फिरला आणि जीप होडीच्या पुढे नुसती गुरगुरत बसली.

मग मला कोल्हापूरला फोन. "येताना गूळ घेऊन ये. आणि गियरबॉक्स."

उद्यमनगरात लेथवाल्यांच्या गल्लीत तो पडलेला होता. भंगारात आलेल्या एका परदेशी गाडीचा, टर्बो हायड्रामॅटिक ४००. जनरल मोटर्सने १९६४ साली काढलेला, गियर तीनच, पण छाती पैलवानाची. फिटर त्यावर थाप मारून म्हणाला, "भावा, विषय हार्ड आहे. रोल्स रॉइसमध्ये हाच होता." ही थाप नव्हती, मी खातरजमा केली. रोल्सवाल्यांनी खरंच हाच डबा घेतला होता, जॅग्वारवाल्यांनीही. अमेरिकेत हलका डबा जळाला की ट्रकवाले आजही हाच शोधत फिरतात. कॉम्प्युटर लागत नाही, तेलाच्या दाबावर आपापलं चालतं. फक्त इंजिनावर किती ताण आहे हे तो हवेच्या ओढीवरून ओळखतो, आणि दाजींच्या जीपसारख्या डिझेल इंजिनाला ती ओढच नसते. "बघू की," फिटर म्हणाला. अर्ध्या कोल्हापूरचं यंत्रशास्त्र या दोन शब्दांवर उभं आहे.

एसटीत चढवायला आम्ही दोघं आणि एक हमाल लागलो. कंडक्टरने डब्याभोवती प्रदक्षिणा घातली.

"काय हे?"

"गियरबॉक्स."

"आमच्या गाडीचा न्हाई न्हवं?"

तसा नाही म्हटल्यावर त्याने लगेजचं तिकीट फाडलं. पंचाहत्तरी गाठलेल्यांना एसटी फुकट आहे. डबा थोडक्यात हुकला.

राधानगरी मागे पडलं, दाजीपूरला गव्यांऐवजी चहा दिसला, आणि फोंडा घाट सुरू झाला. पहिल्याच वळणाला डबा सीटखालून निघून समोरच्या आजींच्या पिशव्यांना भेटून आला. तेल काढलं होतं, पण त्या गोल भांड्याच्या पोटात नेहमी काहीतरी राहतंच. शिवाय या तेलाला ओळखू यावं म्हणून मुद्दाम लाल रंग देतात. घाटात त्या लाल तेलाचा ओघळ निघाला. आजी ओरडल्या, "मेल्या, आगळाचो कॅन लवंडलो मां तुझो!" मी आगळ नाही म्हणून सांगत होतो. आजींनी तोवर बोट बुडवून वास घेतला होता. कणकवलीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

बसवायला दाजींनी होड्यांच्या इंजिनांचे मिस्त्री बोलावले, सगळे त्यांना आबा म्हणतात. आबांनी डबा पाहिला आणि त्यांना नवल वाटेना. "आमच्या होडयेक असोच गियर. फुडे, मागे, नायतर गप." ट्रकचं इंजिन होडीत बसवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना होडीवाल्याची विद्या जीपमध्ये घालणं म्हणजे घरचंच काम.

डबा बदलणं म्हणजे लग्नाला एकाच मावशीला बोलावण्यासारखं आहे. नवा डबा लांब, म्हणून ट्रान्सफर केस मागे. ती मागे, म्हणून मागचा प्रॉपेलर शाफ्ट कापून तोकडा आणि पुढचा लांब. मध्ये लेथवर केलेली प्लेट, खाली नवा आडवा पत्रा. शेवटी ते गोल भांडं डब्यावर चढवायचं. आबांनी त्यावर दोन्ही तळवे ठेवले, डोळे मिटले आणि हलकेच फिरवत आत दाबलं. टक. परत फिरवलं. टक. दाजी बोल्ट घेऊन पुढे सरसावले. "रव!" तिसरं टक ऐकू येईपर्यंत आबांनी कुणाला बोल्टला हात लावू दिला नाही, एक खाच चुकली तर बोल्ट आवळताना आतला तेलाचा पंपच फुटतो.

मग आबांनी विचारलं, "थंड कसा करतलंस? होडयेक दर्या आसा. तुझ्या गाडयेक काय आसा?" त्या रात्री जीपच्या तोंडापुढे एक मोठा ऑइल कूलर लागला. जीप नाकात नथ घातल्यासारखी दिसू लागली, असं बहीण म्हणाली.

होडी ओढायच्या दिवशी सगळी दांडी जमली. दोर बांधला. दाजींनी चारही चाकं जोडली, लो टाकला, डावा पाय बाहेर सोडला. जीप न थरथरता निघाली, होडी ओंडक्यांवरून सरकली, तेल लालच्या लाल. दाजींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि तेवढ्यात मागून कडाड आवाज आला. एक्सल.

आबा वाकून म्हणाले, "डब्याक काय एक जावक नाय." आजवर हलका डबा आधी नमायचा म्हणून एक्सलवर पाळी आली नव्हती.

होडी मग तीस-चाळीस माणसांनी हैसा घालून वर घेतली. भरती चढत होती, म्हणून त्याच दोराने जीपही ओढली. दाजी आत बसून होते, गियर न्यूट्रलला. डाव्या पायाचा प्रश्न कुणीतरी पुन्हा काढलाच.