द्विकर्मक सर

नगर जिल्ह्यात साखर कारखाना नसलेला तालुका एखादवेळ सापडेल. इंग्रजी ग्रामरचे सर नसलेला सापडणार नाही. अकोल्याच्या डोंगरातून निघा नि जामखेडला उतरा. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडमागच्या गल्लीत एका घरापुढे चपलांचा ढीग असतो आणि आतून पोरांचा घोष येत असतो, "गिव्ह, गेव्ह, गिव्हन!" ते सरांचं घर. सर हायस्कूलातून रिटायर झालेत, पण ते पगारापुरतं. अंगात सफारी, खिशाला एक निळं पेन आणि एक लाल. निळं वर्षभर पुरतं.

आर्टिकल, टेन्स वगैरे सर कर्तव्य म्हणून उरकतात. खरा रंग चढतो तो दोन कर्मांच्या क्रियापदाला. त्या दिवशी खडूचा नवा डबा फुटतो.

"राम ईट्स अ मँगो. ईटला विचारा, काय? मँगो. विचारा, कोणाला? उत्तर नाही. गरीब क्रियापद, एका ऑब्जेक्टवर भागवतं. आता हे श्रीमंत बघा. द बँक गेव्ह द फार्मर अ लोन. काय दिलं? लोन. हा डायरेक्ट. कोणाला? फार्मरला. हा इनडायरेक्ट. माणूस आधी, वस्तू नंतर. वस्तूला पुढं काढलं की मध्ये 'टू' आलाच : गेव्ह अ लोन टू द फार्मर."

"सर, आमच्या आबाला बँकेनं लोन नाय दिलं, नोटीस दिली."

"नोटीससुद्धा डायरेक्ट ऑब्जेक्टच. बस खाली."

मग पॅसिव्ह. इथे सरांचा आवाज खाली येतो, कारण बाकीची क्रियापदं उलटी केली की एक वाक्य देतात आणि हे दोन देतं. 'द फार्मर वॉज गिव्हन अ लोन' हे एक आणि 'अ लोन वॉज गिव्हन टू द फार्मर' हे दुसरं. दोन्हीकडे बँक शेवटी 'बाय' लावून कोपऱ्यात बसते, आणि गाळली तरी वाक्य अडत नाही. "वसुलीला मात्र बँक पुन्हा ॲक्टिव्ह," असं सर म्हणतात. दरवर्षी, त्याच ठिकाणी थांबून, पोरं हसेपर्यंत.

'टू' आणि 'फॉर' यांची वाटणीही त्यांनी करून ठेवली आहे. गिव्ह, सेंड, लेंड, शो यांना 'टू'. बाय, मेक, कुक यांना 'फॉर'. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की 'टू', आणि दुसऱ्यासाठी कोणी राबलं की 'फॉर'. "शी मेड मी टी. म्हणजे, शी मेड टी फॉर मी." यावर स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज येतो, "म्हणजे माझ्या नशिबी सगळं फॉरच!" सर हे उत्तर बरोबर धरतात.

उदाहरणांसाठी सर जिल्ह्याची वेस ओलांडत नाहीत. नगरच्या किल्ल्यात इंग्रजांनी नेहरूंना १९४२ साली कैदेत टाकलं आणि तिथे १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. फळ्यावर हे असं उतरतं : द ब्रिटिश गेव्ह नेहरू अ रूम. नेहरू गेव्ह द वर्ल्ड अ बुक. ते बुक सरांनी वाचलं आहे का, हे विचारायचं नसतं. १८३६ साली मराठीचं व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे नगरलाच डेप्युटी कलेक्टर होते, हे तर सर अशा थाटात सांगतात की व्याकरण आणि महसूल ही खाती तेव्हा एकच असावीत.

त्यांचा आवडता सापळा मात्र राजकारणातला. 'दे मेड हिम चेअरमन.' पोरं खुशीत येतात, "दोन ऑब्जेक्ट!" सर डोळे मिटून मान हलवतात. हिम आणि चेअरमन हा एकच माणूस आहे, म्हणून चेअरमन हा कॉम्प्लिमेंट. 'दे गेव्ह हिम अ शुगर फॅक्टरी' म्हणा, मग दोन. या जिल्ह्यात माणूस आणि फॅक्टरी ह्या दोन वस्तू आहेत हे पोरांना पटवायला सरांना जरा वेळ लागतो. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हाही सरांनी एवढंच टिपलं की 'डिस्ट्रिक्ट' आणि 'अहिल्यानगर' एकच, म्हणून हाही कॉम्प्लिमेंट.

खरा राग 'डोनेट'वर. शाळेतल्या पंख्याच्या पात्यावर 'सप्रेम भेट' आणि देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं, आणि समारंभाच्या इंग्रजी अहवालात हमखास येतं, 'ही डोनेटेड द स्कूल सिक्स फॅन्स.' सर लाल पेन काढतात. डोनेट, एक्स्प्लेन, सजेस्ट ही जातच वेगळी. नुसता माणूस त्यांच्या अंगाला चिकटत नाही, मध्ये 'टू' पाहिजेच. आपण मराठीत 'मला समजावा' म्हणतो, त्यातून 'एक्स्प्लेन मी' जन्माला येतं. मला विचाराल तर इथे सरांची बाजू शंभर टक्के खरी आहे.

पण सर इंग्रजी बोलत नाहीत. सर इंग्रजी सोडवतात. मेहेरबाबांच्या समाधीला मेहेराबादला परदेशी पाहुणे येतात. त्यातल्या एका बाईंनी म्हणे माळीवाडा स्टँडवर सरांना विचारलं, "कुड यू शो मी द वे टू मेहेराबाद?" 'मी' इनडायरेक्ट, 'वे' डायरेक्ट, आणि वर तो फसवा 'टू', जो वेचा आहे, शोचा नाही! इतकं निर्मळ वाक्य सरांनी पुस्तकाबाहेर कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी बाईंना ते पुन्हा म्हणायला लावलं. रस्ता शेवटी एका रिक्षावाल्यानं दाखवला, "कम, कम" एवढ्या अकर्मक इंग्रजीत.

पोरं पुण्याला गेली, कंपन्यांत लागली, दिवसभर इंग्रजी फेकू लागली. बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि सर त्यावर आहेत, म्हणून तिथे बहुतेक सगळे मराठीत लिहितात. परवा एकजण बेसावध राहिला : "सर, प्लीज सजेस्ट मी अ गुड ज्युनिअर कॉलेज फॉर माय डॉटर."

सरांचं उत्तर लगेच आलं. "सजेस्ट टू मी."

"सॉरी सर. प्लीज एक्स्प्लेन मी द ॲडमिशन प्रोसेस."

यावर सरांनी थेट फोन लावला. पाऊण तास बोलले. कॉलेजचा विषय अजून निघायचा आहे.