समोर उभं राहून

पुण्यात गाडीवाल्यांच्या दोन जाती आहेत. एक कंपनीतच सर्व्हिसिंग करणारी, दुसरी ‘आपला मिस्त्री’वाली. पहिलीला दुसरी चिंगूस वाटते, दुसरीला पहिली बावळट. तात्या दोन्हीकडे जातात आणि दोघींच्याही मताशी सहमत असतात.

तात्या हे त्यांचं आमच्या सोसायटीतलं नाव. तुमच्या सोसायटीत त्यांना अण्णा म्हणत असतील किंवा नुसतंच ‘बी विंगचे सेक्रेटरी’. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गाडी पांढरी. सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षांनी, तेही मुलीच्या लग्नात वरात काढायची म्हणून नाइलाजाने काढलेलं. आणि मागच्या सीटवर एक फाइल. तिच्यात गाडीच्या जन्मापासूनची सगळी बिलं, तारीखवार.

सर्व्हिसिंग दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, यातलं जे आधी होईल तेव्हा. तात्यांची गाडी वर्षाला चार हजारांवर जात नाही, त्यामुळे कायम वर्षच आधी होतं. याचं त्यांना खरंखुरं दुःख आहे. ‘सहा हजार किलोमीटरचं ऑइल फुकट गेलं,’ असं ते दर वर्षी म्हणतात. पण ऑइल बदलतात वेळेवर. किंबहुना पंधरा दिवस आधीच.

आदल्या रात्री पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन तयारी चालते. मीटरचा फोटो, पेट्रोलच्या काट्याचा फोटो, चारही टायरांच्या नंबरांचे फोटो. मग ऑइल फिल्टरवर, बॅटरीवर आणि स्टेपनीवर नेलपेंटचा एकेक ठिपका, म्हणजे बदललं म्हणाले आणि बदललं नाही, तर कळावं. ‘ती बाटली मी एकदाच लावली, भाचीच्या मुंजीत. उरलेली सगळी गाडीला लागली,’ हे काकूंचं म्हणणं.

सकाळी साडेआठला ते सर्व्हिस सेंटरच्या दारात हजर असतात. हातात टॅब घेतलेला, त्यांच्या धाकट्या मुलापेक्षाही लहान असा एक अॅडव्हायझर येतो आणि विचारतो, ‘सर, गाडीत काही कंप्लेंट?’ तात्या खिशातून फुलस्केप काढतात. कलम चौथं : डाव्या बाजूने, पुढच्या चाकाच्या आसपास, स्पीडब्रेकरवरून उतरताना, चढताना नव्हे, एकदाच ‘टुक्’ असा आवाज, ब्रेकवर पाय असल्यास येत नाही. मुलगा ऐकून घेतो आणि टॅबवर लिहितो, ‘नॉइज चेक’. आयुष्यभर सविस्तर टिपणं लिहिलेल्या माणसाचा याहून मोठा अपमान नाही.

त्यानंतर मुलगा त्याचं पाठ केलेलं म्हणून दाखवतो. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन डीकार्ब, एसी डिसइन्फेक्टंट, अंडरबॉडी कोटिंग, उंदरांचा स्प्रे. तात्या प्रत्येकाची किंमत विचारतात, फुलस्केपच्या पाठीमागे लिहून घेतात, बेरीज मारतात, मुलालाही बेरीज तपासायला लावतात आणि म्हणतात, ‘यातलं काही करायचं नाही.’ एसीच्या फिल्टरचं तर नावच काढायचं नाही. तो ग्लोव्ह बॉक्समागे असतो आणि पाच मिनिटांत हाताने निघतो, हे त्यांनी सोसायटीतल्या निम्म्या लोकांना ग्लोव्ह बॉक्स उतरवून दाखवलेलं आहे. त्यातल्या दोघांचे ग्लोव्ह बॉक्स तेव्हापासून नीट लागत नाहीत.

त्या मुलाचीही मला दया येते. नव्या गाडीच्या विक्रीत डीलरला फारसं सुटत नाही. शोरूमच्या काचांचा आणि फुग्यांचा खर्च निघतो तो वर्कशॉपमधून आणि इन्शुरन्समधून. त्यामुळे मुलाच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या नशिबी तात्या येतात.

‘समोर उभं राहून करून घेतलं पाहिजे,’ हे तात्यांचं गाडीविषयीचं मुख्य तत्त्व. फ्लॅटचं प्लास्टरही त्यांनी असंच करून घेतलं. सेंटरमध्ये मात्र समोर उभं राहता येत नाही. तिथे काचेची खोली असते, कॉफीचं मशीन असतं आणि आवाज बंद केलेला टीव्ही असतो. तात्या कॉफी घेतात (फुकट आहे म्हणून दोनदा), पण बसत नाहीत. काचेला नाक लावून उभे राहतात. मागच्या खेपेला त्यांनी दीड तास एका पोराच्या कामावर अशी बारीक नजर ठेवली. नट उलटा लावतोय असं वाटल्यावर काचही वाजवली. गाडी बाहेर आली तेव्हा कळलं, ती दुसऱ्याच कुणाची तरी पांढरी गाडी होती. तात्यांची गाडी सकाळपासून मागच्या रांगेत उभी होती. तिला कुणी हातही लावला नव्हता. दुपारी चारनंतर केव्हाही फोन केला तरी उत्तर एकच, ‘वॉशिंगला आहे, सर.’

बिलावर मग तासभर चर्चा होते. मॅन्युअलमध्ये ऑइल ३.१ लिटर आहे, बिलात साडेतीन कसं? जुने पार्ट कुठे आहेत? ते डिकीत ठेवले जातात आणि घरी येतात. तात्यांच्या गॅलरीत तुळशीशेजारी जुन्या एअर फिल्टरांची, प्लगांची आणि ब्रेकपॅडची एक रांग आहे. प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. तिसऱ्या दिवशी कंपनीतून फोन येतो, सर्व्हिस कशी वाटली. त्याआधी त्या मुलाचा स्वतःचा फोन येऊन गेलेला असतो, ‘सर, प्लीज दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमचं नुकसान होतं.’ तात्या आठ देतात. नोकरीत असताना त्यांनी स्वतःच्या शिपायालाही ‘उत्तम’ असा शेरा कधी दिला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी, सेंटरने नेमकं काय केलं नाही हे पाहण्यासाठी, गाडी मिस्त्रीकडे जाते.

मिस्त्रीचं गॅरेज पत्र्याचं, एका वडाखाली. भिंतीवर दत्ताचा फोटो आणि टायर कंपनीचं कॅलेंडर. मिस्त्री बॉनेट उघडतो, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि विचारतो, ‘काका, याला आधी कोणी हात लावलावता?’ आवाजात शोक. सेंटरमधला मुलगाही हेच विचारतो, ‘सर, बाहेर काम केलंय का?’ दोन्हीकडे तात्या सारख्याच निरागसपणे नाही म्हणतात.

इथे मात्र समोर उभं राहता येतं. तात्या टॉर्च धरतात, बारा-तेराचा पाना हातात देतात, मिस्त्री गाडीखाली असेल तर तेही उकिडवे बसतात. मिस्त्री ‘टुक्’ ऐकायला स्वतः गाडी चालवतो, चढावर, उतारावर, ब्रेकवर पाय ठेवून आणि न ठेवता. सोसायटीच्या गेटपाशी परत येऊन सांगतो, ‘लिंक रॉड. पण आत्ता नका बदलू, अजून वर्षभर चालेल.’ त्या एका ‘नका बदलू’साठी तात्यांनी त्याला पंधरा वर्षं सांभाळलंय. तरीही विश्वास पूर्ण नाहीच. ऑइलचा सीलबंद कॅन तात्या स्वतः नाना पेठेतून आणतात, सील समोर फोडायला लावतात आणि रिकाम्या कॅनला खिळ्याने भोक पाडूनच कचऱ्यात टाकतात, म्हणजे त्यात कुणी नकली ऑइल भरून विकायला नको. पार्टही स्वतःच आणतात, कारण दुकानदार मिस्त्रीला कमिशन देतो हे त्यांना माहीत आहे. ते त्यांना मिस्त्रीनेच सांगितलं.

या समोर उभं राहण्याची मुळं तात्यांच्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत आहेत. तेव्हा ‘कंपनीत नेणं’ हा प्रकारच फारसा नव्हता. प्लग काढून साफ करायचे, पॉइंटला पॉलिश पेपर मारायचा, कार्ब्युरेटर फुंकायचा, हे मिस्त्री करायचा आणि घरातला मुलगा शेजारी उभा राहून शिकायचा. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पुढे कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, २०२०च्या एप्रिलपासून बीएस-६. आता बॉनेटखाली सगळं झाकलेलं असतं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मिस्त्रीने मात्र हार मानली नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तोही आता स्कॅनर लावतो आणि मोबाइलवर कोड वाचून दाखवतो. पण गाडीतलं सॉफ्टवेअर अपडेट करायचं झालं किंवा कंपनीने एखाद्या दोषासाठी गाड्या परत बोलावल्या, तर सेंटरलाच जावं लागतं. अशा रिकॉलचं काम फुकट होतं, अगदी वॉरंटी संपलेल्या गाडीचंही. रिकॉलची बातमी वाचली की तात्यांचा चेहरा उजळतो. आपल्या गाडीचं मॉडेल त्यात नसलं तर दिवसभर हिरमुसलेले असतात.

वॉरंटीचा मुद्दा मात्र त्यांनी कोळून प्यायला आहे. बाहेर हात लावला तर वॉरंटी जाईल, असं मुलाने म्हणायचा अवकाश, फाइलमधून कात्रण निघतं. २५ ऑगस्ट २०१४ला भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. आणि नुसतं बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारा, असंही सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या. हा भाग तात्या हळू आवाजात वाचतात. मुलगा म्हणतो, ‘सर, सिस्टिममध्ये तसं ऑप्शन नाही.’

एकदा काकूंनी हिशोब मांडला. सेंटरचं बिल, वर मिस्त्रीचं बिल, नाना पेठेच्या दोन फेऱ्या, गाडी सोडल्यावर घरी यायची रिक्षा. थेट एकाच ठिकाणी गेले असते, मग ते कुठलंही असो, तर दर वर्षी दोघं महाबळेश्वरला जाऊन आले असते. तात्यांनी हिशोब तपासला. बेरीज बरोबर निघाली. ‘पण आपल्याला कुणी फसवलं नाही ना?’ ते म्हणाले.

तात्यांना विचारून सेंटर की मिस्त्री हे ठरवू नका. वॉरंटीत असेपर्यंत कंपनी, नंतर चांगला मिस्त्री, एवढं साधं उत्तर त्यांच्याकडून दोन तासांत निघणार नाही, आणि मधल्या वेळात तुमचा ग्लोव्ह बॉक्स उतरवला जाईल. पण कधी त्यांनी गाडी विकायला काढल्याचं कानावर आलं, तर भाव न करता घ्या. किलोमीटर कमी, ऑइल मुदतीआधी बदललेलं, दोन पक्षांनी एकमेकांचं काम तपासलेलं, बिलांची फाइल आणि जुने पार्ट सोबत. आणि व्यवहार झाला की त्यांच्याकडून मिस्त्रीचा नंबर तेवढा मागून घ्या.