धोमच्या काठी सोनं

सातारा जिल्ह्याला समुद्र नाही, ही उणीव पाटबंधारे खात्यानं बरीचशी भरून काढली आहे. एकटा कोयनेचा शिवसागर १०५ टीएमसीचा. शिवाय कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, आणि उरमोडी आहेच. मे महिन्यात त्यांचं पाणी उतरतं आणि काठाला गाळाची रुंद पट्टी उघडी पडते. शेतकरी तिथं गाळपेर करतात. मला मात्र ती पट्टी बीच वाटली. परदेशातले पेन्शनर लोक तळ्याकाठी कानाला हेडफोन लावून, हातात दांडा घेऊन हरवलेल्या अंगठ्या हुडकत हिंडतात, हे मी मोबाईलवर रोज पाहत होतो. त्यांच्यात आणि माझ्यात पेन्शन समान होती. तेवढ्या भांडवलावर मेटल डिटेक्टर मागवला.

यंत्र साधं आहे. दांड्याच्या टोकाला तारेचं वेटोळं, त्यात उलटसुलट वाहणारी वीज, त्यातून चुंबकीय क्षेत्र. जमिनीत धातू असला की त्यात भोवरप्रवाह उठतात, ते उलट निरोप पाठवतात आणि यंत्र 'टुंय' करतं. अडचण अशी, की सह्याद्रीच्या काळ्या दगडातच लोहखनिज आहे. त्यामुळे आमच्याकडे यंत्र जमिनीवर टेकवलं की 'टुंय', उचललं की 'टुंय', आणि चुकून गप्प बसलं तर सेल संपलेला. दुसरी अडचण सोन्याची. पातळ अंगठी आणि थंड पेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची चावी ही दोन्ही यंत्राला जवळजवळ सारखीच ऐकू येतात. धोमच्या काठी लोक अंगठ्या कमी टाकतात.

थोरामोठ्यांचंही असंच झालंय म्हणा. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल स्वतः असलं यंत्र घेऊन गेले होते. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी त्यांचा घोटाळा केला. गोळी सापडली नाही, अध्यक्ष गेले. माझ्या प्रकरणात जीवितहानी नाही, एवढं बेलसाहेबांपेक्षा बरं.

प्रकरण असं. माझी सासुरवाडी विट्याची, सांगली जिल्ह्यातली. मेहुणा गलाईवाला. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सराफकट्ट्यांवर पसरलीत. जुनं सोनं-चांदी मुशीत घालून वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं, सराफाच्या दुकानातला झाडून काढलेला कचरासुद्धा विकत घ्यायचा आणि त्यातून कण मिळवायचे. झारेकऱ्याची ही विद्या, तिच्यावर यांनी बंगले बांधले. मेहुणा जत्रेसाठी कोइमतूरहून आला होता. सगळे मिळून धोमला गेलो. आंबे खाऊन झाल्यावर मेहुण्याची बायको पाण्याशी हात धुवायला बसली आणि साबणाच्या हातातून अंगठी सटकली.

खरं सांगतो, मला आनंद झाला.

"कुणी हलू नका!" असं म्हणून मी गाडीतून यंत्र काढलं. मेहुणा म्हणाला, "दाजी, जागा ठावी हाय. तेवढा चिखल उचलू." मी त्याला हातानंच थांबवलं. शास्त्राच्या मध्ये अडाण्यानं पडू नये, असा माझा चेहरा असावा. माझी बायको पुढे बरेच दिवस त्या चेहऱ्याची नक्कल करत होती.

तासाभरात निघालं ते असं: बाटल्यांची बिल्लं, गुटख्याच्या चंदेऱ्या पुड्या, गंजलेले खिळे, थोडी सुटी नाणी आणि बैलाच्या खुराची पत्री. एका म्हाताऱ्या बाबांनी ती पत्री धोतराला पुसली आणि म्हणाले, "धरणाआधी इथनं आमची गाडीवाट जायाची. माझ्याच बैलाची असंल." दिवसभरात मी कुणाला काही मिळवून दिलं असेल तर ते एवढंच.

तोवर गर्दी जमली. दांडा घेतलेला माणूस आणि उकरलेली जमीन म्हटल्यावर आपल्याकडे एकच अर्थ निघतो. "गुप्तधन हाय व्हय?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "पावणं, तुमी पायाळू का?" आता दुर्दैवानं मी पायाळूच आहे, आणि ते माझ्या बायकोनं लगेच सगळ्यांना सांगितलं. पायानं जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं, या समजुतीवर डॉ. दाभोलकरांच्या साताऱ्यात माझी अशी परीक्षा सुरू झाली. मी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून दिली, तर एक तरुण म्हणाला, "मग यंत्र कशाला फिरवताय? तेबी बंदच करा."

एवढ्यात पोलीसपाटील आले. माणूस कायदा वाचणारा निघाला. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तर कलेक्टरांना लेखी कळवावं लागतं, नाहीतर वर्षापर्यंत कैद. इंग्रजांच्या दहा रुपयांचं पुढे काय झालं, हे कायद्याला कुणी सांगितलेलं नाही.

"काय काय सापडलं?" त्यांनी विचारलं. मी खिसा उलटा केला. पाचाची दोन नाणी आणि एक रुपया.

"अकरा," पाटील गंभीरपणे म्हणाले.

हा कायदा जुन्या खजिन्यासाठी आहे, बोटीतून पडलेल्या सुट्ट्यांसाठी नाही, असा युक्तिवाद मी करून पाहिला. पण गर्दीचं मत पडलं होतं. मी रुपया हातात घेतला, कृष्णामाईला नमस्कार केला आणि पाण्यात टाकला. उरले दहा. दहापेक्षा जास्त नाहीत. पाटलांनी मान डोलावली. टाकलेला रुपया एका पोरानं दोरीला बांधलेल्या चुंबकानं तिथल्या तिथं बाहेर काढला. रुपया १९९२ पासून पोलादाचा आहे, चुंबकाला चिकटतो. त्या पोराचं यंत्र शेकडा शंभर यशस्वी होतं.

हे चालू असताना मेहुण्यानं एका होडीवाल्याकडून घमेलं मागून घेतलं होतं. त्याची बायको जिथं बसली होती तिथला ओंजळ-दोन ओंजळी चिखल त्यानं घमेल्यात घेतला, वर पाणी ओतलं आणि गोल गोल हिसके देत वरचा गाळ सांडत गेला. शुद्ध सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड. दागिन्यातलं थोडं कमी, पण गाळाबरोबर वाहून जाण्याइतकं नव्हे. तळाशी चार खडे राहिले आणि अंगठी. मेहुणा काही बोलला नाही. "दाजी, धरा," एवढंच म्हणाला आणि घमेलं धुवायला माझ्याकडे दिलं.

तेव्हा धरणावर तुमचं काही हरवलं, तर कृपा करून मला बोलावू नका. जागेवर खूण करा, चिखल तुडवू नका, आणि विट्याकडचा कुणी ओळखीचा असेल तर त्याला घमेलं घेऊन यायला सांगा. फक्त हरवायचं ते जत्रेच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत हरवा. एरवी ही मंडळी कोइमतूरला असतात.