थांबा कुठला ते विचारू नका

सांगली-मिरज रस्त्यावर बसची वाट बघत उभं राहायची वेळ आली, तर वेळ जायला शेडवरचा मजकूर वाचावा. शेड कुणाच्या निधीतून झाली, ते पहिल्या ओळीत. दुसरीत कुणाच्या प्रयत्नातून, तिसरीत कुणाच्या शुभहस्ते. शेड चार खांबांची, नावं सात. थांब्याचं नाव तेवढं लिहायचं राहिलेलं असतं.

परवा एक मावशी हातात एक्स-रेचं पाकीट घेऊन उभ्या होत्या. नातू मोठ्यानं नावं वाचत होता. सगळी ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यातलं स्टॉपचं कुठलं रं?" पोरगं गप्प. शेवटी वडापावच्या गाड्यावरून आवाज आला, "मिशन हॉस्पिटलला जायचं न्हवं मावशी? मग हितं उभारू नका. बस फुडं थांबतीया."

बस पुढं थांबते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. शेड शहाळीवाल्याची, दोन मोटारसायकलींची आणि एका कुत्र्याची. ती बसची असेल असं फक्त परगावच्या माणसाला वाटतं.

खरी पाटी कंडक्टरच्या तोंडात. राममंदिर, पुष्पराज, मार्केट यार्ड, विश्रामबाग, विलिंग्डन, वानलेसवाडी, मिशन. आता यातले विलिंग्डनसाहेब बघा. १९१३ ते १९१८ मुंबईचे गव्हर्नर होते, १९१९ साली कॉलेजला त्यांचं नाव लागलं. शंभर वर्षं उलटून गेली, साम्राज्य बुडालं, तरी त्यांच्या नावाचं तिकीट अजून निघतंय. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला. त्यांना तर अख्खी वाडी मिळाली. दोघांनी मिळून एक फ्लेक्स लावल्याचं ऐकिवात नाही.

आयर्विनची गोष्ट त्याहून भारी. हा व्हाइसरॉय, सांगलीत नदीवरच्या १९२९ सालच्या पुलाला त्याचं नाव. पावसाळ्यात सांगलीत देवाखालोखाल नाव घेतलं जातं ते याचंच. "आयर्विनला किती?" चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा लोकांनी साहेबाच्या नावावर रात्री जागून काढल्या. खुद्द इंग्लंडात त्याची एवढी चौकशी कुणी केली नसेल.

साताऱ्याचा न्याय वेगळा. तिथं महामार्गावर 'बॉम्बे रेस्टॉरंट' नावाचा चौकच आहे. कसला ठराव नाही, भूमिपूजन नाही. हॉटेलानं नाव दिलं, गावानं घेतलं. आणि पोवई नाका? तो तर साताऱ्याची नाभी. कुठलाही पत्ता तिथून सुरू होतो: नाक्यावरून वर गेलात की राजवाडा, खाली आलात की स्टँड. आता नाक्याखालून ग्रेड सेपरेटर गेला. सोय झाली, नाही असं नाही. पण नवखा माणूस गाडी घेऊन एका तोंडातून आत शिरतो, दुसऱ्यातून बाहेर पडतो आणि मग फोन करतो, "पोवई नाका अजून किती लांब?" नाका डोक्यावरून गेला, हे त्याला कोण सांगणार!

तर सांगलीच्या थांब्यांसाठी एक फुकटची सूचना. निधी, प्रयत्न, शुभहस्ते यातलं काहीही पुसू नका, कुणाला दुखवायचं कशाला? वाढदिवसाचे फ्लेक्स तर लागणारच. त्यावरचे दादा, भाऊ, आबा बहुतेक बोट दाखवूनच उभे असतात. कशाकडे, ते त्यांनाही ठाऊक नसतं. त्या बोटापुढं 'मिरजेची बस इकडे थांबते' एवढंच छापून घ्यावं. लावताना फक्त बोटाची दिशा नीट बघा, नाहीतर मावशी एक्स-रे घेऊन तासगावला उतरायच्या.