बुधवारचा मूड

बायपोलर असलेल्या माणसाला दिव्यांग प्रमाणपत्र हवं असेल तर त्याने एक पथ्य पाळावं. आंघोळ करून जाऊ नये. केस विंचरू नयेत, इस्त्रीचे कपडे घालू नयेत आणि काही झालं तरी हसू नये. हा सल्ला सिव्हिल हॉस्पिटलच्या बाकावर बसून बसून मुरलेल्या मंडळींचा. माझ्या एका मैत्रिणीने तो मानला नाही. कडक साडी, कागदपत्रांची फाइल, फाइलला लेबलं. खिडकीतल्या बाबूने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कुठाय?"

तसा कायदा मनाचा मोठा आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार आहे आणि त्याच्या व्याख्येत मूडचा बिघाडही आहे. अडचण एवढीच, की मूड चढतो-उतरतो आणि तपासणारं मेडिकल बोर्ड मात्र बुधवारीच बसतं. मार्चमध्ये तीन आठवडे अंथरूण न सोडलेला माणूस जूनच्या बुधवारी बरा असतो. बरा नसता तर आलाच नसता! पोर्टलवर अर्ज, आधार, ओटीपी, हव्या त्या केबीतला फोटो, मिळालेली तारीख, रांग. हे ज्याला जमतं त्याला काही झालेलं नाही असं सगळ्यांना वाटतं. ज्याला जमत नाही त्याचा अर्जच आलेला नसतो.

दिव्यांगत्वाचा टक्का काढायला 'आयडियाज' नावाची मोजपट्टी आहे. स्वतःची काळजी घेणं, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, अशी चार खाती. प्रत्येकात शून्य ते चार गुण. मानसोपचारवाल्यांनीच ती बनवलीय आणि आहेही समंजस. पाचव्या रकान्याला मात्र कचेरीचा वास येतो. आजार किती जुना? दोन वर्षांच्या आतला असेल तर एक गुण, दहा वर्षं ओलांडली की चार. म्हणजे आजारालाही सेवाज्येष्ठता! गेल्या दिवाळीत पहिला झटका येऊन नोकरी गेलेल्या पोराने दम धरावा, आजाराला आधी कायम होऊ द्यावं.

बेरीज करून 40 टक्के भरले तर दिव्यांग, 39 भरले तर आळशी. आणि घरच्यांचं काय? "सर्टिफिकेट नको गं बाई, धाकटीचं लग्न व्हायचंय." घरात आजाराला कोणी नाव ठेवत नाही, कारण घरात आजाराला नावच नसतं.

बरं, मिळतं काय? राज्यात 'संजय गांधी निराधार' योजनेचे पैसे. दिव्यांगांना महिन्याला 1,500 मिळायचे, ऑक्टोबर 2025पासून 2,500 झाले. वाढ चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण त्यासाठी टक्क्याबरोबर उत्पन्नाचा दाखलाही लागतो, म्हणजे आधी आजारी असल्याचं सिद्ध करायचं, मग तहसीलला जाऊन गरीब असल्याचं. केंद्राची पेन्शन हवी तर 80 टक्के लागतात, वर दारिद्र्यरेषेखालचं असावं लागतं आणि मग केंद्राकडून हातात पडतात महिन्याला तीनशे रुपये. लिथियमच्या गोळ्या चालू असलेल्याला रक्तातली पातळी अधूनमधून तपासावी लागते. तीनशेत खासगी लॅबवाला फार तर सुई टोचेल. 'निरामय' नावाचा आरोग्य विमा आहे, पण तो नॅशनल ट्रस्टच्या कायद्यातल्या दिव्यांगांसाठी. त्या कायद्यात स्वमग्नता आहे, सेरेब्रल पाल्सी आहे. मानसिक आजार नाही.

शिवाय अनुदान चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला. इतरांसाठी तो एक कागद असतो. या आजारातल्या काही जणांनी तो रात्र रात्र जागून मिळवलेला असतो. त्याला गुण नाहीत.

मैत्रिणीला शेवटी प्रमाणपत्र मिळालं, मुदतीचं. मुदत संपली की पुन्हा तपासणी. गोळ्या नेमाने घेतल्या तर बरं वाटतं. बरं वाटलं की टक्का उतरतो, टक्का उतरला की अनुदान जातं, अनुदान गेलं की गोळ्या जातात, आणि गोळ्या गेल्या की टक्का आपोआप भरतो. मग पोर्टलवर नवा अर्ज करायचा. जुना पासवर्ड चालत नाही.