आमचे साम्राज्य आणि त्यातील शांतता

एकही युद्ध न पुकारता सहा हजार वर्षे राज्य केलेला सम्राट इतिहासात आढळत नाही, ही इतिहासाची उणीव मी सेवानिवृत्तीनंतर, शिरवळच्या राहत्या घरी, दुपारच्या जेवणानंतरच्या फावल्या वेळात भरून काढीत असतो. ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाची 2016 साली निघालेली सहावी आवृत्ती नातवाने दिवाळीच्या सुट्टीत माझ्या संगणकावर चढवून दिली. तीत इसवी सनापूर्वी 4000 पासून इसवी सन 2050 पर्यंत, पाळीपाळीने चाली करीत, एक संस्कृती नावारूपास आणावयाची असते. आणि आपली पाळी आल्यावाचून कोणासही बोट हलविता येत नाही, हा तेथील मूलभूत कायदा असल्यामुळे, ज्याची सारी हयात महसूल खात्यात अव्वल कारकुनी करण्यात गेली अशा मनुष्यास तेथे पहिल्या क्षणापासून आपल्या कचेरीत आल्याचा प्रत्यय येतो.

मी अर्थातच हिंदुस्थान निवडला. या आवृत्तीत आपल्या देशाचे आधिपत्य महात्मा गांधींकडे असून, जो त्यांच्याशी युद्ध करील त्याच्या प्रजेस युद्धाचा शीण दुप्पट जाणवतो, अशी तजवीज खेळकर्त्यांनी करून ठेविली आहे. (1991 च्या पहिल्या आवृत्तीत गणितातील एका चुकीमुळे गांधीजी अणुबाँब टाकीत सुटत, ही आख्यायिका जगभर सांगितली जाते, ती निराधार असल्याचे मूळ कर्ते सिड मायर यांनी 2020 साली आपल्या आत्मचरित्रात सांगून टाकले. तथापि नातवास आख्यायिकाच अधिक पसंत आहे.) राजधानीचे नाव मी दिल्ली बदलून शिरवळ ठेविले, पाठोपाठ खंडाळा, लोणंद, वाई अशी नगरे वसविली, धान्याची कोठारे बांधली, ग्रंथालये काढली, आणि शेजारच्या एखाद्या राजाने मैत्रीचा जाहीरनामा काढला की, ज्या गृहस्थाच्या निरोप समारंभास तालुक्याचे साहेबही फिरकले नव्हते तो मी, खुर्चीत किंचित ताठ होऊन पडद्याकडे पाहून मान तुकवीत असे. पडद्यावरील राजास ते दिसत नाही, हे मला ठाऊक होते. परंतु शिष्टाचार हा पाहणाऱ्यासाठी थोडाच असतो?

पण शांतता एकट्याच्या मालकीची नसते. क्लिओपात्रा हीस दुबळे सैन्य असलेल्या राजाविषयी तिरस्कार आहे आणि तो ती बोलून दाखविते. नॉर्वेच्या हॅराल्डला ज्यांचे आरमार क्षुद्र आहे अशांची कीव येते. माझ्या शिरवळास समुद्र लागूनच नसल्यामुळे आरमार ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, ही माझी कैफियत त्याने दाखल करून घेतली नाही. त्याने युद्ध पुकारले, लोणंद वेढले, आणि मी तहाची पहिली संधी मिळताच, जी मुत्सद्देगिरी केवळ थोरांना साधते ती दाखवून, वाई त्याच्या पदरात घालून तह करून घेतला.

सौभाग्यवतींचे माहेर वाईचे. चहाचा पेला टेबलावर ठेविताना त्यांची दृष्टी नकाशावर गेली. “अहो, हे वाई परक्याच्या रंगात कसं?” असे त्यांनी विचारले, आणि मी तहाची कलमे विशद करू लागताच, “दुसरं गाव नव्हतं द्यायला? खंडाळा द्यायचं होतंत,” एवढे म्हणून त्या आत निघून गेल्या. चहा निवालेला होता.

माझ्या बाजूने इतिहास होता, हे मात्र येथे सविस्तर सांगितलेच पाहिजे. कारण शिरवळकर मनुष्यास या विषयावर बोलण्याचा जो वतनी हक्क आहे, तो बजावण्याची संधी त्यास घरात कोणी देत नाही. आमच्या गावाच्या कडेने नीरा वाहते आणि तिच्या काठी सुभानमंगळ नावाच्या भुईकोटाचे आज थोडेच अवशेष शिल्लक उरले आहेत. महामार्गावरून साताऱ्याकडे धावणाऱ्या मोटारींना ते दिसत नाहीत, आणि वडापावासाठी थांबणाऱ्यांना त्यांचे सोयरसुतक नाही. याच कोटासाठी 1648 साली, स्वराज्याच्या अगदी आरंभीच्या लढायांपैकी एक लढाई झाली. आदिलशाहीचा सरदार फत्तेखान बेलसरास छावणी करून बसला होता. त्याच्या बाजूच्या बाळाजी हैबतरावाने शिरवळ घेतले. शिवाजी महाराजांनी आपला सरदार कावजी यास पाठविले आणि कोट परत आला. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारता’त या मोहिमेचे वर्णन केले आहे, आणि ते वाचताना मला दर वेळी असे वाटते की, पुढे पुरंदराच्या पायथ्याशी फत्तेखानाचा जो पराभव झाला त्याच्या तेजात आमचा बिचारा मातीचा कोट उगाच झाकोळून गेला. डोंगरी किल्ल्यांवर पोवाडे होतात. भुईकोटाच्या वाट्यास फार तर एखादा फलक येतो, आणि त्यावरही निवडणुकीची पत्रके चिकटविलेली असतात. असो. सांगावयाचे ते हे की, ही लढाई जिंकूनही, त्याच वर्षी आदिलशहाने कैद केलेल्या शहाजीराजांच्या सुटकेसाठी 1649 साली महाराजांना कोंढाणा सोडावा लागला. पुढे 1665 मध्ये पुरंदरच्या तहात तर 23 किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख द्यावा लागला. जेथे साक्षात महाराजांनी कोंढाणा दिला, तेथे मी एक वाई दिली, तर घरात एवढा अबोला कशासाठी?

हा युक्तिवाद मी रात्री जेवताना मांडला. सौभाग्यवतींनी आमटी वाढीत, “आणि सत्तर साली तानाजी गेले होते कोंढाण्यावर. तुमचे कधी निघताहेत?” असे विचारले. इतिहास अर्धाच सांगावा हे उत्तम. परंतु ज्यांच्या घरात दुसरे अर्धे जाणणारे माणूस आहे, त्यांस ते परवडत नाही.

माझ्या साम्राज्यात तानाजी नव्हता, तरी एक गोफणवाला होता. आरंभीच, रानटी टोळ्यांच्या भयाने, मी त्यास राजधानीच्या उत्तरेस एका टेकाडावर उभा केला होता, आणि टोळ्यांनी तिकडे कधी मोर्चा न वळविल्यामुळे तो तेथेच राहिला. काळ बदलला तसा खजिन्यातून रक्कम मंजूर करून मी त्यास धनुर्धारी केले, पुढे त्याच्या हाती यांत्रिक धनुष्य आले, नंतर तोफ आली, शेवटी मशीनगन आली. लोणंदच्या वेढ्याच्या वेळीही मी त्यास हलविले नाही. त्याने सहा हजार वर्षांत एक दगड भिरकाविला नाही, याचा मला अभिमान होता. माझ्या शांततावादाचे ते सजीव स्मारक आहे, असे मी शेजारच्या सुभेदारांना, ते वर्तमानपत्र परत द्यावयास आले असता, कौतुकाने दाखविले.

सुभेदार मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. आमच्या जिल्ह्यात शांततेवर व्याख्यान देताना समोर कोण बसले आहे हे पाहून घ्यावे लागते. ज्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसे गमावली, आणि ज्याच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ असे लागते, ते गाव याच जिल्ह्यातले. मला वाटले, सुभेदार एक तर हसतील किंवा सैन्य वाढवा म्हणतील. ते बराच वेळ त्या टेकाडाकडे पाहत राहिले.

“भाऊसाहेब, एकटाच हाय का ह्यो?”

“एकटाच. गरजच पडली नाही.”

“मग ह्याला रजा कधी दिली?”

मी म्हणालो, खेळात रजा नसते. सुभेदार म्हणाले, लेहला असताना त्यांच्या तुकडीवर एकही गोळी सुटली नाही. तरी थोरल्या मुलीच्या बारशाला त्यांना येता आले नाही, आणि त्यांनी तिला पाहिली तेव्हा ती चालत होती. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. हवापाणी सांगावे तसे सांगितले, चष्मा पुसला आणि ते गेले.

तेव्हापासून माझ्या शांततेचा मला पूर्वीइतका गर्व करता येत नाही, आणि ही सुभेदारांविषयीची माझी खरीखुरी तक्रार आहे. मनुष्याच्या वृद्धपणी त्याचे साम्राज्य असे बिघडवू नये. मी खेळातील सर्व कळा तपासून पाहिल्या. शिपायास तटबंदी करून बसविण्याची कळ आहे, सावध ठेवण्याची आहे, पुन्हा जागे करीपर्यंत निजवून ठेवण्याची आहे, आणि कायमचे बरखास्त करण्याचीही आहे. तेव्हा खेळकर्त्यांस अर्ज की, पुढील आवृत्तीत तोफा, विमाने आणि अणुबाँब आहेत तेवढेच ठेवावेत, त्यांबद्दल काही म्हणणे नाही. परंतु वर्षाकाठी दोन महिने रजा आणि जाण्यायेण्याचा भत्ता मंजूर करणारी एक कळ जरूर द्यावी. खर्च खजिन्यातून वळता करून घेण्यास अर्जदाराची हरकत नाही.